निकाहपासूनचा तीळ

बनियनवर रक्ताचा ठिपका पहिल्यांदा दिसला तेव्हा शहाबानोने तो ढेकणाच्या माथी मारला. चार दिवसांनी दुसऱ्या बनियनवर तसाच ठिपका, आणि तोही नेमका त्याच जागी, उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली. ढेकूण काही जागा ठरवून चावत नाही. तिने धुणं तसंच बादलीत टाकलं, ओले हात ओढणीला पुसले आणि बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली, “बनियन काढा.”

फारूक खिडकीपाशी बसून मसाल्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. कुवेतहून कायमचा परत येऊन त्याला आठ महिने झाले होते आणि तेवढ्या अवधीत त्याने तिच्या स्वयंपाकघराची तीन वेळा उलथापालथ केली होती. तिकडे ट्रेलर चालवून आल्यावर खोलीतल्या सहा माणसांचं जेवण पाळीपाळीने करावं लागे, त्यामुळे आपल्याला बायकोपेक्षा जास्त कळतं असा त्याचा प्रामाणिक समज होता.

“कशाला?” त्याने विचारलं.

“काढा म्हणते ना.”

पन्नाशी ओलांडलेला माणूस, पण लाजला. भिंतीकडे तोंड करून त्याने बनियन काढलं आणि दोन्ही हात छातीवर घेऊन उभा राहिला. शहाबानोने चष्मा लावला. फऱ्याखाली तुरीच्या डाळीएवढा एक तीळ होता. एका बाजूला काळा, दुसऱ्या बाजूला तपकिरी, आणि कडेला सुकलेल्या रक्ताची खपली. पण खरं सांगायचं तर तिळापेक्षाही तिला दुसऱ्याच गोष्टीने चमकल्यासारखं झालं. ही पाठ आपण अशी उजेडात, निवांत, कधी पाहिलीच नाही, हे तिला त्या क्षणी कळलं.

यूम्ना, त्यांची मुलगी, खारघरला फार्मसी शिकत होती. तिने संध्याकाळी अब्बांची पाठ पाहिली, काही बोलली नाही आणि आत जाऊन पनवेलच्याच एका त्वचेच्या डॉक्टरांची दुसऱ्या दिवसाची वेळ घेऊन आली. पोरगी बोलायची थांबली की शहाबानोला जास्त धास्ती वाटायची.

दवाखान्यात त्यांच्या आधी एक जोडपं होतं. नवऱ्याच्या हातापायांवर खरजेचे चट्टे उठले होते, पण तोंड चालत होतं ते बायकोचं. पहिला चट्टा कोपरावर कधी उठला, त्या दिवशी त्यांनी काय खाल्लं होतं, दुसरा कुठे, तिसरा कुठे, कुठलं मलम लावल्यावर दोन दिवस बरं वाटलं, सगळं ती बाकावरच्या लोकांना ऐकवत होती. नवरा मख्खासारखा मान हलवत होता. त्याचं अंग तिला त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. शहाबानो ऐकत राहिली आणि का कोण जाणे, तिचा जळफळाट झाला.

मग त्यांना आत बोलावलं. डॉक्टर विनिता घरत वयाने तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी फारूकला पालथं झोपवलं, दिवा असलेलं भिंग तिळावर टेकवलं आणि बराच वेळ बघत राहिल्या.

“किती दिवसांपासून आहे हा?”

फारूकने मान वळवून तोंड उघडलं, पण डॉक्टरच हसल्या. “तुम्ही नका सांगू, तुम्हाला पाठीवरचं काय दिसणार? भाभी, तुम्ही सांगा. आधीपासून असाच आहे की वाढलाय? नवीन आहे का?”

आता इथे खरं उत्तर तीन शब्दांचं होतं. मला माहीत नाही. पण त्या खोलीत, नवऱ्यासमोर, बाहेरच्या त्या खरजेवालीनंतर ते तीन शब्द शहाबानोला उच्चारवेनात. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली आणि नवऱ्याच्या पाठीवर काय आहे ते ठाऊक नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? जिचा नवरा आखातात असतो तिला लोक आयुष्यभर विचारत असतात, कसे आहेत ते, काय खातात, तब्येत कशी आहे. आणि तिला सवयच लागून जाते. माहीत असो की नसो, उत्तर तयार ठेवायचं.

“निकाहपासून आहे,” ती म्हणाली. “असाच आहे. एवढाच.”

फारूकने उघडलेलं तोंड मिटलं आणि कपाळ पुन्हा उशीवर टेकवलं.

“नक्की?”

“नक्की.”

डॉक्टरांनी तिळाचा फोटो काढून ठेवला. “मग घाई नको करू या. रक्त बहुतेक खाजवल्यामुळे आलं असेल. नवीन असता किंवा वाढलेला असता, तर मी आजच्या आज काढायला सांगितलं असतं. तीन महिन्यांनी परत दाखवा.”

परतताना फारूक भलताच खुशीत होता. रिक्षा मध्येच थांबवून त्याने तिला फालुदा खायला घातला, स्वतःचा अर्धा तिच्या ग्लासात ओतला आणि घरी येऊन बरण्यांवरच्या चिठ्ठ्या गुणगुणत चिकटवल्या. सुटलो म्हणून खूश आहेत, असं शहाबानोला वाटलं. तिला मात्र तो फालुदा दगडासारखा जड झाला होता.

नवीन असता तर आजच्या आज. हे शब्द काही तिची पाठ सोडेनात. भाकरी थापताना आठवत, नमाजाआधी वजूला हातपाय धुताना आठवत. डॉक्टरीणबाईंनी सोडलं ते आपल्या शब्दावर, आणि आपल्या शब्दाला बुड नाही. उद्या काही वाईट निघालं, तर नवऱ्याला आपल्याच फुशारकीने मारलं असं होईल.

तिने कपाटातून लग्नाचा अल्बम काढला. शेरवानी, सेहरा, हार. पाठ कुठेच नाही. ईदचे फोटो, यूम्नाच्या वाढदिवसांचे फोटो, सगळीकडे फारूक समोर बघून हसत होता. मोबाइल आल्यापासून तर रोज बोलणं व्हायचं, रोज दिसायचं, पण मोबाइलवर पाठ कुठे दिसते? निकाहनंतर तीन महिन्यांनी तो गेला होता. ती तेव्हा एकोणीस वर्षांची, मान वर करायची चोरी. पुढे दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी, आणि त्यात दावती, लग्नं, पाहुणे, घराची डागडुजी. तो कायमचा परत येईपर्यंत एकत्र काढलेले दिवस सलग लावले तर जेमतेम अडीच वर्षं भरतील. नवऱ्याची पाठ तिने नीट पाहिली होती ती विमानतळावर, आणि तीही कोटातली.

डॉक्टरांकडे परत जायचं, हे तिने मनाशी ठरवलं होतं. पण खोटं कबूल करायचं तर खरं काय ते तरी हातात असायला हवं. फारूकला विचारायची सोय नव्हती, कारण त्याच्यासमोरच तर तिने छातीठोकपणे सांगितलं होतं. मग कोणाला ठाऊक असेल? आणि तव्यावरची भाकरी उलटताना तिला एकदम उत्तर सापडलं. भगवान.

भगवान उरणजवळच्या करंज्याचा. कुवेतमध्ये तो आणि फारूक अकरा वर्षं एका खोलीत राहिले होते, वरच्या पलंगावर भगवान आणि खालच्या पलंगावर फारूक. तो दोन वर्षांपूर्वी परत आला आणि पुन्हा आपल्या होडीला लागला. दर ईदला त्याचा फोन ठरलेला. दिवसभर ट्रेलर चालवून फारूकची पाठ धरायची आणि भगवान त्याला बाम चोळून द्यायचा, हे ती हसतहसत कितीतरी वेळा ऐकत आली होती. आपल्या नवऱ्याची पाठ जगात कोणी पाहिली असेल तर त्या माणसाने.

चौथ्या दिवशी सकाळी तिने सुकट संपल्याचं कारण काढलं. फारूक म्हणाला, पनवेलच्या बाजारात मिळत नाही का? ती म्हणाली, बाजारातल्या सुकटीत निम्मी वाळू असते. आणि बुरखा सारखा करत उरणच्या एसटीत जाऊन बसली. वाटेत तिने वाक्य जुळवायला घेतलं. परक्या पुरुषाला आपल्याच नवऱ्याच्या पाठीबद्दल काय आणि कसं विचारायचं? उरण आलं तरी वाक्य जुळलं नव्हतं.

करंज्याला बंदराजवळ भगवानचं घर होतं. अंगणात बोंबील वाळत घातले होते आणि भगवानची बायको शांती जमिनीवर पसरलेली सुकट हाताने खालीवर करत होती. भगवान ओट्यावर जाळं घेऊन बसला होता. शहाबानोला पाहून तो दचकून उठला.

“वयनी? फारूकशेठ बरा हाय ना?”

“बरे आहेत. सुकट न्यायला आले.”

शांतीने पाणी दिलं, सुकट पिशवीत भरली, चहा टाकला. शहाबानोने चहा घेतला आणि शांतीच्या कानाशी लागून हळूच म्हणाली, “शांतीताई, जरा तुमच्या घरच्यांना विचारायचं होतं. यांच्या पाठीवर एक तीळ आहे. तो तिकडे असताना होता का?”

शांतीला कुजबुजणं ही गोष्टच ठाऊक नव्हती. दर्यावर हाका मारणाऱ्यांच्या घरातली ती. तिने तिथूनच आवाज दिला, “अवो, वयनी इचारतान, फारूकभावाचे पाठीवं तील व्हता का?”

शेजारच्या दोन ओट्यांवरच्या बायकांनी माना वळवल्या. शहाबानोला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. भगवानने मात्र जाळं बाजूला ठेवलं. त्याला हसू आलं नाही.

“अजून काढला नाय त्यानी?” तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं. आधी त्या पाठीवर तिथे काहीसुद्धा नव्हतं. कोरोनाच्या वर्षी सहा जण खोलीत कोंडले गेले होते, तेव्हा बाम लावताना त्याला पहिल्यांदा दिसला, मोहरीएवढा. दुसऱ्या वर्षी वाढला. भगवान परत यायला निघाला तेव्हा मसुराएवढा झाला होता.

“मी त्याला बोललो व्हतो, फारूकशेठ, घरी गेलास का पैलं डाक्टरला दाखव. व्हय बोलला. फोनवर पन दोनदा इचारला. दाखवतो, दाखवतो.”

“म्हणजे त्यांना माहीत होतं?”

“मंग? मीच तर सांगितला.”

शहाबानोने चहाचा कप खाली ठेवला. भगवानला वाटलं, तिला दुसरंच काही वाईट वाटलं. तो खाली बघत म्हणाला, “वयनी, तुमी मनाला लावून घेव नका. तिथं बाम लावाला दुसरा कोन नव्हता म्हनून मी लावला.”

त्या साध्या माणसाच्या या साध्या बोलण्याने तिला रडू कोसळलं. अकरा वर्षं जे तिच्या हातांनी व्हायला हवं होतं ते या राठ हातांनी केलं होतं, आणि वर हा माणूस माफी मागितल्यासारखा बोलत होता. शांतीने काही न विचारता तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताला सुकटीचा वास येत होता.

पण एसटी पनवेलला पोहोचेपर्यंत रडण्याची जागा रागाने घेतली होती. माहीत होतं. मग तिथे पालथं पडून मुकाट्याने ऐकून का घेतलं? तिने सुकटीची पिशवी स्वयंपाकघराच्या ओट्यावर आदळली. फारूक कांदा कापत होता.

“भगवानभाऊंकडे गेले होते,” ती म्हणाली. “तीळ कोरोनाच्या वर्षी आला. तुम्हाला माहीत होतं. मी खोटं बोलले ते बोलले, पण तुमच्या तोंडात तेव्हा काय खजूर होता?”

फारूकची सुरी थांबली. त्याने सुरी खाली ठेवली, हात धुतले, टॉवेलला पुसले, टॉवेल पुन्हा दोरीवर सारखा केला. काही बोलायचं असलं की तो अशी कामं काढायचा, हे मात्र तिला आठ महिन्यांत कळलेलं होतं.

“सांगणार होतो,” तो म्हणाला. “तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तू म्हणालीस, निकाहपासून आहे.”

“मग म्हणायचं ना, नाही म्हणून.”

“नाही म्हणवेना.” तो तिच्याकडे बघत नव्हता, कापलेल्या कांद्याकडे बघत होता. “बानो, मी या घरात आल्यापासून बघतोय. मीठ कुठे आहे ते मला विचारावं लागतं. यूम्ना कुठल्या वर्गात आहे ते परवा एकाने विचारलं तर मी चुकीचं सांगितलं. शेजारच्या पोराने मला पाहुणे म्हणून हाक मारली. आणि तू त्या डॉक्टरीणबाईंना इतक्या खात्रीने सांगितलंस, निकाहपासून आहे. जसा काही मी सगळा वेळ इथंच होतो.” त्याने कांद्याच्या फोडी एका बाजूला सारल्या. “खोटं होतं ते मला ठाऊक होतं. पण मला ते मोडायचं नव्हतं.”

शहाबानोचा राग कुठल्या कुठे गेला. बरण्यांवरच्या त्या चिठ्ठ्यांकडे तिची नजर गेली. हळद, जिरं, धणे, सगळं ठळक अक्षरात. इतके दिवस तिला वाटत होतं, हा माणूस आपल्याला शिकवायला निघालाय. तो बिचारा आपलं घर पाठ करत होता.

“आणि त्यापायी जीव गेला असता तर?” ती म्हणाली. पण आता तिच्या बोलण्यात धार नव्हती, आणि डोळे कांद्यामुळे वाहतायत असं म्हणायलाही ती कांद्याच्या जवळ उभी नव्हती.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी दोघं दारात हजर होती. शहाबानोने खुर्चीवर बसायच्याही आधी सांगून टाकलं. मॅडम, मी खोटं बोलले. मला माहीत नव्हतं. हे बाहेर होते. तीळ चार-पाच वर्षांचा आहे, मोहरीचा मसूर झाला, मसुराची तुरीची डाळ झाली. कोण म्हणतं ते विचारलं तर तिने भगवानचं नाव, गाव आणि पलंगाची जागासुद्धा सांगितली.

डॉक्टर रागावल्या, आणि रागावल्या ते बरंच झालं. “माहीत नाही म्हणायला काय हरकत होती? आमचं निम्मं काम तुमच्या सांगण्यावर चालतं.” मग फारूककडे वळून, “आणि तुम्ही. तुमचं अंग, तुमचा तीळ, आणि तुम्ही उशीत तोंड घालून पडलात.” दोघं शाळेतल्या पोरांसारखी खाली मान घालून उभी होती. डॉक्टरांना पुढे रागावता आलं नाही. “चला, झोपा. आजच काढू.”

इंजेक्शनने जागा बधिर केली. फारूकच्या डोक्याशी स्टुलावर बसायची परवानगी शहाबानोला मिळाली. त्याने तिचा हात असा काही धरला होता की दुखत होतं तिलाच. अर्ध्या तासात तीळ भोवतालच्या कातडीसकट निघाला, टाके पडले, आणि तो एवढासा तुकडा बाटलीत घालून तपासणीला गेला.

रिपोर्ट यायला दहा दिवस लागले. ड्रेसिंग बदलताना शहाबानो कापूस अलगद टेकवायची आणि फारूक म्हणायचा, भगवानचा हात याहून जड होता. कोणाच्याच हसण्यात जीव नसायचा. जे दिवस आत्ता कुठे हाताशी आले होते तेच जातात की काय, या एका भीतीने तिची झोप उडाली होती, आणि अल्लाकडे तिने मागणंही तेवढंच ठेवलं होतं. आणखी थोडे दिवस. एकाच घरात.

अकराव्या दिवशी डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. “कर्करोग नाही. पण त्या वाटेला लागलेला होता. पेशी बदलायला लागल्या होत्या. पूर्ण निघालाय, कडा स्वच्छ आहेत. अजून काही महिने बसला असतात, तर आज मी काय सांगितलं असतं ते मला नाही सांगता येत.”

शहाबानोने ओढणीच्या टोकाने तोंड झाकून घेतलं.

“आता नेम ठेवायचा,” डॉक्टर म्हणाल्या. “महिन्यातून एकदा पूर्ण पाठ नीट बघायची. भाभी, बाकीच्या तिळांतले जुने कुठले, नवे कुठले?”

“माहीत नाही,” शहाबानो म्हणाली. या वेळी ते सहज बाहेर आलं.

“हरकत नाही. आज जसे आहेत तसे बघून ठेवा. इथून पुढचं तुम्हाला कळेल.”

त्या शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून, जेवण करून फारूक खिडकीपाशी स्टुलावर बसला आणि त्याने सदरा काढला. या वेळी भिंतीकडे तोंड केलं नाही. दुपारचं ऊन सरळ पाठीवर पडत होतं. शहाबानोने चष्मा पुसून लावला आणि मानेपासून सुरुवात केली. मानेच्या खाली दोन, शेजारीशेजारी. डाव्या खांद्यावर एक फिकट. कमरेच्या वर चार, ओळीत नसलेले. उजव्या फऱ्याखाली टाक्यांची गुलाबी रेघ. एका जागी जुन्या भाजल्याचा डाग, त्याचं त्याने कधी सांगितलंच नव्हतं. ट्रेलरच्या सीटला टेकूनटेकून मधली कातडी जाड, काळपट झाली होती. प्रत्येक ठिकाणी ती बोट टेकवत होती, आणि बोट टेकलं की तो काय ते सांगत होता, किंवा आठवत नाही म्हणत होता.

बरीच दुपार अशी गेली. खालून भंगारवाला ओरडत गेला, यूम्नाच्या कॉलेजची बस आली. फारूकला अवघडल्यासारखं झालं असावं.

“झालं का बघून?” त्याने विचारलं.

बघून केव्हाच झालं होतं. मानेपासून कमरेपर्यंत तिने दोनदा बघितलं होतं.

“नाही,” शहाबानो म्हणाली, आणि तळहात त्याच्या पाठीवर सपाट ठेवला. “थांबा अजून.”

फारूक थांबला.